जुळ्यांचा १७वा आठवडा, वजन जेमतेम दीड किलो वाढलंय – नेमकं किती वाढायला हवं?

दोन_ठोके

नमस्कार. माझी पहिलीच वेळ आहे आणि जुळी आहेत. दोघांची वार वेगळी, पिशवीही वेगळी, असं सोनोग्राफीत सांगितलंय. उंची १६० सेंटिमीटर, दिवस राहिले तेव्हा वजन ५२ किलो. मधे उलट्यांनी इतकी हैराण झाले की काटा ५० वर आला होता. आता १७वा आठवडा आहे, उलट्या जवळपास थांबल्यात आणि वजन ५३.५ आहे.

डॉक्टर म्हणाल्या, "वजन वाढायला हवं, नीट खा." बाहेर रांग होती, पुढचं विचारायचं राहूनच गेलं. घरी सासूबाई म्हणतात तिघांचं खा. बहीण म्हणते असं खात सुटलीस तर साखर वाढेल. वाचायला बसलं की एकीकडे १२ किलो पुरे म्हणतात, दुसरीकडे २५. आणि माझी गत अशी की चार घासांत पोट गच्च होतं, वर छातीत जळजळ. अर्धं ताट तसंच राहतं.

नेमकं किती वाढायला हवं? जागाच नसलेल्या पोटात काय घालू? प्रोटीन पावडर घेऊ का? लोहाची आणि कॅल्शियमची गोळी रात्री जेवण झाल्यावर एकदमच घेते, म्हणजे विसरायला होत नाही. चालेल ना? रात्री जाग आली की हेच विचार डोक्यात फिरत राहतात.

ओंजळभर

काळजी करू नका हो. मला जुळ्यांच्या वेळी अकराच किलो वाढले. दोन्ही मुली अडीच किलोच्या आसपासच्या, ठणठणीत. ज्याची त्याची प्रकृती असते.

चांदणवेल

ताई, मी आहारतज्ज्ञ आहे, प्रसूती विभागातच काम करते आणि माझी स्वतःची जुळी आता शाळेत जातात. तुम्ही आकडे व्यवस्थित दिलेत, त्यामुळे नीट सांगता येईल.

तुमचा आधीचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, साधारण २०.३ येतो. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये जुळ्यांसाठी वेगळे आकडे दिले. बीएमआय १८.५ ते २४.९ असेल तर पूर्ण दिवसांपर्यंत १७ ते २५ किलो, २५ ते २९.९ असेल तर १४ ते २३, आणि ३० च्या पुढे ११ ते १९. १८.५ च्या खाली असणाऱ्यांसाठी पुरेशी माहिती नव्हती म्हणून आकडाच दिलेला नाही, तिथे डॉक्टरांनीच ठरवायचं. तुम्ही वाचलेले १२ किलो हे एका बाळाच्या तक्त्यातले आहेत, ते तुमच्यासाठी नाहीत.

हे आकडे कुठून आले तेही सांगते, म्हणजे ओंजळभर यांचा अनुभव खोटा ठरणार नाही. ज्यांची जुळी ३७ आठवड्यांनंतर आणि सरासरी अडीच किलो किंवा जास्त वजनाची जन्मली, अशा बायकांपैकी मधल्या निम्म्या जणींचं वजन जितकं वाढलं तो हा पट्टा. म्हणजे बाळं चांगली होऊनही पाव हिस्सा बायका या पट्ट्याच्या खालीच होत्या. शिवाय हे आकडे तात्पुरते म्हणूनच दिलेले आहेत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात तर जुळ्यांच्या आईला आहाराचा सल्ला एका बाळाच्या आईसारखाच द्या असं म्हटलंय. दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात त्या यामुळे. माझा स्वतःचा कल पहिल्या आकड्यांकडे आहे, विशेषतः तुमच्यासारखी मूळची सडसडीत आणि उलट्यांनी खंगलेली बाई समोर असेल तर.

आता हिशोब. ३७ आठवडे धरले तर तुमच्या हातात २० आठवडे आहेत. पट्ट्याचं खालचं टोक गाठायला अजून साडेपंधरा किलो, म्हणजे आठवड्याला सरासरी पाऊण किलो. पण हे सारखं वाटून घेऊ नका. आत्तापासून २८व्या आठवड्यापर्यंतचा काळ सगळ्यात मोलाचा आहे. पुढे गर्भाशय जठराला वर ढकलतं, तेव्हा आत्ता जातंय तेवढंही जाणार नाही. निम्म्याहून जास्त जुळी ३७ आठवड्यांच्या आधीच जन्मतात, त्यामुळे "शेवटच्या महिन्यात भरून काढू" म्हणायला तो महिना मिळेलच असं नाही. मधल्या महिन्यांत आईच्या अंगावर जे साठतं, ते शेवटी बाळं झपाट्याने वाढताना उपयोगी पडतं. उलट्यांत गेलेले दोन किलो तुम्ही भरून काढलेत, वर दीड किलो चढवलेत. गाडी योग्य दिशेला आहे.

तिघांचं खायचं नाही. जुळ्यांसाठी रोज साधारण ६०० कॅलरी जादा धरतात. आधीच वजन जास्त असेल तर त्याहून कमी, तुमच्यासारखीला थोड्या जास्तही लागतील. ६०० कॅलरी ऐकायला खूप वाटतात, पण एक मोठा पेला साईचं दूध, दोन उकडलेली अंडी, मूठभर दाणे किंवा बदाम आणि एक केळं एवढ्यात जवळपास तेवढ्या होतात. दिवसभरात चार वेळा चार गोष्टी. ताट वाढवायची गरजच नाही.

पोटात जागा कमी आहे म्हणून क्रम बदला. ताटातलं अंडं, मासे, पनीर, डाळ किंवा उसळ आधी खा. सूप आणि कोशिंबीर शेवटी, कारण दोन्हींनी पोट भरतं आणि अंगी फार लागत नाही. पाणी जेवताना घोटभरच, बाकीचं दोन खाण्यांच्या मधे. डाळीवर वरून चमचाभर तूप किंवा तेल घाला, आकार वाढत नाही, कॅलरी वाढतात. दर दोन-अडीच तासांनी थोडं खायचं, भुकेची वाट बघायची नाही. झोपण्याआधी तासभर दूध किंवा दही आणि थोडे दाणे असं काहीतरी नक्की घ्या, गरोदरपणात रात्रभराचा उपास शरीराला लवकर जाणवतो. खाल्ल्यावर लगेच आडवं होऊ नका आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच ठेवा, जळजळ बरीच कमी होईल. मासे खात असाल तर उत्तम, फक्त शार्क, स्वोर्डफिश असे मोठे शिकारी मासे नकोत, त्यांच्यात पारा जास्त असतो.

प्रोटीन पावडर खाण्यातून भागत नसेल तरच. घ्यायची ठरलीच तर डबा डॉक्टरांना दाखवा. त्यात वनौषधी किंवा जादा व्हिटॅमिन ए असेल तर ती नको.

गोळ्या मात्र आजपासून वेगळ्या करा. कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही, दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. लोह सकाळी, लिंबूपाणी किंवा संत्र्यासारख्या आंबट फळाबरोबर. चहा-कॉफी त्याच्या आगेमागे तासभर तरी नको. कॅल्शियम जेवणानंतर, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, त्यापुढचं नीट शोषलं जात नाही. जुळ्यांत रक्ताचं प्रमाण एका बाळापेक्षा जास्त वाढतं आणि लोह भराभर संपतं. २० ते २४ आठवड्यांमधे हिमोग्लोबिन पुन्हा तपासून घ्या, कोणी सांगितलं नाही तर स्वतः विचारा.

ओली_पायवाट

बहिणीच्या मुद्द्यावर लिहिते. माझा सुरुवातीचा बीएमआय ३१ होता, साखर निघाली आणि शेवटी इन्सुलिन घ्यावं लागलं. मला चौदा किलो वाढले आणि डॉक्टर त्यावर खूश होत्या. माझ्या डाएटिशियनने एक गोष्ट पक्की करून घेतली होती: फळ असो की ब्रेड, एकटं खायचं नाही, सोबत दही, अंडं नाहीतर दाणे हवेतच. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चालायचे. साखरेच्या भीतीने जेवण कमी करू नका, मला तेच बजावलं होतं.

चांदणवेल

अगदी बरोबर. बहिणीला एवढं सांगा की गरोदरपणातली साखर खादाडपणाची शिक्षा नाही. वारेतून येणारी संप्रेरकं इन्सुलिनचं काम अडवतात, आणि इथे वारेचा पसाराच मोठा. साधारण २४ ते २८ आठवड्यांत साखरेची तपासणी होते, ती चुकवू नका. मिठाई आणि गोड पेयांनी वजन वाढवू नका, बस.

दोन_ठोके

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आता २०वा आठवडा आणि काटा ५५.८. गोळ्या वेगळ्या केल्या, आधी डाळ-अंडं खाते. घरी ६०० कॅलरींचा हिशोब वाचून दाखवला, तेव्हापासून सासूबाई स्वतःच दूध आणि दाणे आणून देतात, ताटात वाढून आग्रह करत नाहीत. दोन शंका आहेत. लोहामुळे शी काळी होते आणि घट्टही. आणि संध्याकाळी पावलांवर सूज येते, मग हे वजन खरं की पाण्याचं? परवाच्या सोनोग्राफीत एक बाळ ३४० ग्रॅम, दुसरं ३२०. लहान बाळाला माझं खाणं कमी पडतंय का?

चांदणवेल

वा, तीन आठवड्यांत सव्वादोन किलोच्या वर. हवं तस्संच.

काळी शी लोहामुळेच, तिची काळजी नको. घट्टपणासाठी पाणी, तंतुमय भाज्या, भिजवलेला सुकामेवा. तरी त्रास राहिला तर गोळी बंद करू नका, डॉक्टरांना सांगा, दुसऱ्या प्रकारचं लोह देता येतं.

बाळांचं असं मोजतात: मोठ्याच्या वजनातून लहानाचं वजा करायचं आणि मोठ्याच्या वजनाने भागायचं. तुमचा फरक ६ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे काहीच नाही. २० टक्क्यांवर गेला तर सोनोग्राफी लवकर-लवकर करतात, २५ वर गेला तर गर्भतज्ज्ञांकडे पाठवतात. आणि तो फरक तुमच्या ताटामुळे पडत नाही. बहुतेकदा वार, नाळ किंवा मुळातली ठेवण यांत कारण असतं. हे ओझं डोक्यावरून उतरवा.

दिवसभर उभं राहून संध्याकाळी पावलं सुजणं आणि सकाळी उतरणं हे नेहमीचं. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर करा. पण दोन-तीन दिवसांत काटा एकदम दोन किलोंनी उडाला, चेहरा किंवा हात सुजले, डोकेदुखी थांबेना, डोळ्यांपुढे चमकायला लागलं किंवा उजव्या बरगडीखाली दुखलं, तर ते खाल्ल्याचं वजन नव्हे. जुळ्यांत प्री-एक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या गंभीर आजाराचा, धोका जास्त असतो. त्याच दिवशी, रात्र असली तरी, जाऊन रक्तदाब आणि लघवी तपासून घ्या. इथे लिहून उत्तराची वाट बघत बसू नका. रोजच्या छोट्या ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांनी काही सांगितलं नसेल तर पुढच्या भेटीत विचारा. जुळ्यांत बऱ्याच जणींना ती देतात, पण स्वतःहून सुरू करायची नाही.

आणि वाचणाऱ्या ज्या कोणाची जुळी एकाच वारेवर आहेत त्यांच्यासाठी: पोट काही दिवसांत एकाएकी ताणून घट्ट झालं, श्वास लागायला लागला, तर "छान वाढतंय" म्हणून सोडून देऊ नका. एका पिशवीत पाणी साठत असू शकतं. पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही, लगेच सोनोग्राफी करून घ्यायची.