कुमारांचे 'खरे' चाहते म्हणे!

वर एकानी लिहिलंय की नुसत्या निर्गुणी भजनांवर थांबणाऱ्यांना कुमार गंधर्व कळलेच नाहीत, आधी राग समजायला पाहिजे. अहो मी बेळगावचा, सुळेभावी गाडीवर अर्ध्या तासावर, 1924 साली कुमार तिथंच जन्मले, म्हणून मला जास्त कळतंय असं म्हणतो काय मी? आमच्या आईला यमन-भूप काय ठाऊक नव्हतं, पण कॅसेट लागली की तांदूळ निवडणारा हात सुपातच थांबायचा आणि टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायला मला हाक. तिच्यापेक्षा भलत्याच मात्रेवर मान डोलावणारा पहिल्या रांगेतला मोठा रसिक होय? टीबीनं एक फुप्फुस निकामी झालेले कुमार देवासला अंथरुणावर पडून माळव्यातल्या बायकांची लोकगीतं ऐकत होते, त्यातनंच पुढचं केवढं गाणं आलं, त्या गाणाऱ्या बायकांना कुठं रागाची नावं विचारली त्यांनी! बाकी कुमार कन्नड की मराठी हे इथं नको की हो, ते आमच्याकडं रोजचंच हाय. हां, भजनांपलीकडं ख्याल, म्हणजे रागातलं शास्त्रीय गाणंही ऐका म्हणालात ते मात्र पटलं.