विषय: तळाचा डायनॅस्टी संघ – मोडायला सुरुवात कुठून करायची?

प्रेषक: संघ क्र. 9

मंडळी, नमस्कार.

लीगमधला 9 क्रमांकाचा संघ या हंगामापासून माझ्याकडे आला आहे. मेल-यादीवरच्या नव्या सभासदांसाठी आपला खेळ आणि नियम थोडक्यात: ही अमेरिकन फुटबॉलची फॅन्टसी लीग. एनएफएल या व्यावसायिक लीगमधले खेळाडू आपण आपापल्या संघात घेतो आणि त्यांच्या खऱ्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवतो. डायनॅस्टी म्हणजे खेळाडू दरवर्षी बदलत नाहीत, आपल्याकडेच राहतात. 12 संघ, सुपरफ्लेक्स (एका जादा जागेवर क्वार्टरबॅकही चालतो), प्रत्येक कॅचला 1 गुण, टाइट एन्डच्या कॅचला दीड. दर आठवड्याला मैदानात 10 जण: क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) 1, रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) 2, रिसीव्हर (पास झेलणारा) 3, टाइट एन्ड (अडवणारा आणि झेलणाराही) 1, फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर किंवा टाइट एन्ड) 2, सुपरफ्लेक्स 1. एकूण जागा 28, टॅक्सी (होतकरू रूकींना बाजूला ठेवायच्या जागा) 4, जखमींसाठी 3. मे महिन्यात 4 फेऱ्यांचा रूकी ड्राफ्ट, म्हणजे एनएफएलमध्ये नव्याने आलेल्या खेळाडूंची निवड. त्यातली निवडीची पाळी म्हणजे पिक, आणि तीही विकता येते.

हाताशी आहे ते असं. क्वार्टरबॅक 36 वर्षांचा एक, बाकी दोघे राखीव. रनिंग बॅक 26, 27 आणि 28 वर्षांचे, तिघेही आपापल्या संघात पहिल्या पसंतीचे. रिसीव्हर 23 वर्षांचा एक उत्तम, आणि तिशी ओलांडलेले दोन. टाइट एन्ड 31 वर्षांचा. पुढच्या वर्षीची आपली पहिल्या फेरीची पिक आधीच्या मालकांनी विकून टाकलीय. दुसरी, तिसरी, चौथी आहेत. त्याच्या पुढच्या वर्षीच्या सगळ्या शाबूत. तीन आठवडे झाले, तिन्ही हरलो.

आधी कोणाला विकायचं?

– 9 ची मालकीण

प्रेषक: संघ क्र. 4

ताई, आधी कोणालाच विकू नका. आधी ती गेलेली पिक परत आणा.

आपला ड्राफ्टचा क्रम तळाच्या संघाला वर आणतो. तुम्ही चांगले खेळाडू विकलेत की तुमचे गुण घटतील आणि तुमची पहिली पिक 1.01 किंवा 1.02 (पहिल्या फेरीतली पहिली किंवा दुसरी) होईल. पण ती आहे दुसऱ्याच्या खिशात. म्हणजे संघ तुम्ही मोडणार आणि फळ तो खाणार. तळाच्या संघांची पुनर्बांधणी फसते ती बहुतेक वेळा इथेच: माणूस पहिल्याच आठवड्यात रनिंग बॅक विकून मोकळा होतो, दुसऱ्या दिवशी त्या पिकचा भाव चढतो, आणि मग ती परत घ्यायला विकून आलेलं सगळं द्यावं लागतं.

आज 0-3 असूनही तुमच्याकडे तीन खेळते रनिंग बॅक आहेत. समोरच्याला अजून वाटतंय की हा संघ सातवा-आठवा येईल आणि पिक मधली पडेल. तोवरच सौदा करा. 26 वर्षांचा रनिंग बॅक द्या, बदल्यात तुमची पहिली मागा. तो अडला तर वर तुमची तिसरी टाका, दुसरी नको. दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीची पिक म्हणजे आपल्या 12 संघांत तेरावा-चौदावा रूकी, तो उगाच घालवायचा नसतो. बोलणी एकाच सौद्यात उरका. ‘माझी पिक विकतोस का?’ असं विचारून चार दिवस वाट पाहिलीत तर त्याला सगळं कळतं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणतात खरं, पण इथे लपवावंच लागतं.

पिक हातात आली की मग विक्री. क्रम असा धरा.

28 वर्षांचा रनिंग बॅक सगळ्यात आधी. याला भाव फक्त हंगाम चालू असताना असतो. जानेवारी उजाडला की प्रत्येकजण तरुण खेळाडू शोधत असतो आणि याला तिसऱ्या फेरीचीही पिक मिळत नाही. टॉड गर्ली आठवा: 2017 मध्ये आक्रमणातला सर्वोत्तम खेळाडू, 2018 मध्ये 21 टचडाऊन, आणि 2020 चा हंगाम संपताना, वयाच्या 26 व्या वर्षी, कारकीर्दच आटोपली. दोन टचडाऊनचा रविवार झाला की सोमवारी सकाळीच प्रस्ताव पाठवा. दुसऱ्या फेरीची एक पिक मिळाली तरी द्या.

गिऱ्हाईक कसं ओळखायचं? पहिल्या चारांत असलेला आणि नुकताच रनिंग बॅक जखमी झालेला संघ. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण फॅन्टसी खेळणाऱ्यांनीच काढली असावी. पण ही गरजही दोन-तीन दिवसच. बुधवारची वेव्हर (मोकळ्या खेळाडूंचं वाटप) होऊन त्याने राखीव खेळाडू उचलला की तो थंड होतो.

याच न्यायाने तुमच्या शेवटच्या चार-पाच जागांवर दुसऱ्यांच्या रनिंग बॅकचे राखीव भिडू बसवा. ऑगस्टअखेर एनएफएलचे संघ 53 खेळाडूंवर येतात तेव्हा हे फुकट मिळतात. पुढचा माणूस जखमी झाला की याच फुकटच्या खेळाडूला दुसऱ्या फेरीची पिक येते. असा खेळाडू स्वतः खेळवत बसू नका, त्याच आठवड्यात विका. पुढचा परत आला की हा पुन्हा शून्य.

तिशीतले रिसीव्हर घाईने नकोत. रनिंग बॅक एका हंगामात संपतो, रिसीव्हर हळूहळू उतरतो. सहाव्या ते दहाव्या आठवड्यात, बाय (एनएफएल संघांचे सुट्टीचे आठवडे) सुरू झाले आणि लोकांना फ्लेक्स भरता येईना की विका. टाइट एन्डला आपल्याकडे दीड गुण, तेव्हा 31 चा असला तरी त्याला मोल आहे. त्याच्या बदल्यात पिकपेक्षा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, अजून न चमकलेला टाइट एन्ड मागा. ट्रे मॅकब्राइड 2022 मध्ये 55 वा निवडला गेला, पहिल्या हंगामात 300 यार्डही झाले नाहीत, दुसऱ्या हंगामात 81 कॅच. ब्रॉक बोवर्सने 2024 मध्ये रूकी असताना 112 कॅच घेतले हे खरं, पण तो अपवाद. टाइट एन्डला दोन वर्षं द्यावीच लागतात, आणि मालकांचा धीर एका वर्षात सुटतो. स्वस्ताई असते ती त्या फटीत.

आणखी एक. दोन वर्षांनंतरच्या पहिल्या फेरीच्या पिक मागताना संघ बघून मागा. आज वर असलेला पण सगळे तिशीत असलेला संघ शोधा. त्याला वाटतं आपली पिक 1.11 असणार, म्हणून तो सहज देतो. दोन वर्षांत तोच तळाला जातो.

– 4 चा मालक

प्रेषक: संघ क्र. 11

दादांचं पिक परत आणण्याबद्दलचं पटलं. पण क्वार्टरबॅकबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि सुपरफ्लेक्समध्ये तोच खरा प्रश्न.

हिशोब साधा आहे. 12 संघ दोन-दोन क्वार्टरबॅक खेळवणार म्हणजे 24. एनएफएलमध्ये सुरुवात करणारे 32. उरलेल्या आठांत कोणी जखमी, कोणी बायवर, कोणी तिसऱ्याच्या बाकावर. फुकट काहीच नाही. ताईंच्या 36 वर्षांच्या क्वार्टरबॅकला आज भाव आहे तो केवळ या टंचाईमुळे, आणि निवृत्तीची बातमी आली की त्याच क्षणी शून्य. अँड्र्यू लक 29 व्या वर्षी, 2019 च्या ऑगस्टमध्ये, हंगाम तोंडावर असताना निवृत्त झाला. 36 च्या माणसाची तर बातच नको. माझ्या मते विक्रीत पहिला नंबर याचा. मात्र बदल्यात क्वार्टरबॅकच घ्या: हा आणि वर तिशीतला एक रिसीव्हर देऊन 26-28 वर्षांचा, कोणाला फारसा न आवडणारा पण जागा पक्की असलेला क्वार्टरबॅक.

‘न आवडणारा’ हे मुद्दाम म्हणतेय. जेरेड गॉफला 2021 मध्ये रॅम्सनी डेट्रॉइटला धाडलं तेव्हा त्याला कोणी हात लावत नव्हतं. 2024 मध्ये त्याने 37 टचडाऊन फेकले. बेकर मेफिल्ड तीन संघ फिरून टॅम्पाला पोचला आणि 2024 मध्येच त्याने 41. दोघेही आपापल्या वर्षीचे पहिल्या क्रमांकाचे निवडलेले. संघांनी ज्यांच्यावर एवढा जीव टाकला त्यांना दुसरी संधी मिळतेच, आणि ती मिळायच्या आधी ते स्वस्त असतात.

उलट 1.01 मिळाली म्हणजे क्वार्टरबॅकची चिंता मिटली असं नाही. 2021 ला पहिल्या फेरीत पाच क्वार्टरबॅक गेले: लॉरेन्स, विल्सन, लान्स, फील्ड्स, जोन्स. 2024 चा हंगाम सुरू झाला तेव्हा निवडणाऱ्या संघात उरला होता एकटा लॉरेन्स. लान्स तर तिसरा निवडलेला, आणि ऑगस्ट 2023 मध्येच डॅलसला रवाना. म्हणून एक रूकी आणि एक मधल्या वयाचा अशी जोडी हवी. दोन रूकींवर बेतलेला संघ तिसऱ्या वर्षी पुन्हा इथेच, याच यादीवर, हाच प्रश्न विचारतो.

वयाच्या रेषेबद्दलही थोडं सबुरीनं. सॅक्वॉन बार्कलीने 27 व्या वर्षी 2005 यार्ड धावून काढले, डेरिक हेन्रीने 30 व्या वर्षी 1921, दोन्ही 2024 मध्ये. तरी विकायचंच, कारण ताईंच्या संघाला यंदाचे यार्ड नकोच आहेत. ज्याला हवेत त्याच्याकडून त्यांची पुरेपूर किंमत घ्या, एवढंच.

– 11 ची मालकीण

प्रेषक: लीग कमिशनर

सगळ्यांना एक आठवण, कारण वरच्या मेलनंतर मला वेगळे फोन येतील.

आपला पहिल्या सहा पिकांचा क्रम हार-जितीवर नाही, मॅक्स पीएफवर ठरतो. म्हणजे प्रत्येक आठवड्यात तुमच्या खेळाडूंमधून, निकाल माहीत असता तर, जी सर्वोत्तम फळी लावता आली असती तिचे गुण. सगळ्यात कमी मॅक्स पीएफवाल्याला 1.01. त्यामुळे चांगला खेळाडू बाकावर बसवून काहीही हाती लागत नाही. त्याचे गुण तरीही मोजले जातात. बायवरचा किंवा जखमी खेळाडू फळीत ठेवला तर मात्र मी दंड लावणार, कारण त्याने समोरच्याला फुकट विजय मिळतो आणि प्लेऑफचं गणित बिघडतं. संघ विकून कमजोर करणं कायदेशीर आहे. फळी न भरणं नाही.

सौद्यांवर मतदान आपण कधीच ठेवलेलं नाही आणि ठेवणार नाही. पण एकाच घरातल्या दोन संघांच्या आपल्याकडे तीन जोड्या आहेत. नवरा-बायको किंवा दीर-भावजय यांच्यातला सौदा 24 तास यादीवर टाकायचा, म्हणजे इतरांना वरचढ प्रस्ताव देता येईल. कोणावर संशय नाही, पण संक्रांतीला तिळगूळ घ्यायचाय सगळ्यांना.

सौद्यांची मुदत अकराव्या आठवड्याअखेर. प्लेऑफ 15 ते 17.

– कमिशनर

प्रेषक: संघ क्र. 9

आभार. दोन शंका. 23 वर्षांच्या रिसीव्हरसाठी मला आत्ताच दोन पहिल्या फेरीच्या पिक आल्या आहेत, द्यावा का? आणि कीपट्रेडकट या साइटवर खेळाडूंच्या भावांची बेरीज केली तर सौदा माझ्या बाजूचा दिसतो.

प्रेषक: संघ क्र. 4

नका देऊ. कीपट्रेडकट म्हणजे लोकांच्या कौलावरून निघालेला बाजारभाव. गुणांचा अंदाज नव्हे. शिवाय नुसत्या बेरजेत तीन मध्यम मिळून एका ताऱ्याइतके दिसतात, पण मैदानात जागा एकच असते. त्या दोन पिकांनी तुम्ही काय शोधणार? असाच 23 चा रिसीव्हर. आणि तो सापडेलच असं नाही: 2020 ला कितीतरी लीगमध्ये क्लाइड एडवर्ड्स-हेलेअर 1.01 ला गेला. जस्टिन जेफरसन, ज्याने त्याच वर्षी 1400 यार्ड केले, तो त्याच्यानंतर आणखी बरीच नावं गेल्यावर मिळाला.

पिक हे चलन आहे, साठवून ठेवायचं सोनं नाही. तिचा भाव एप्रिलअखेर, एनएफएलच्या ड्राफ्टनंतर आपला रूकी ड्राफ्ट येईपर्यंत चढत जातो आणि तुमची पाळी आली की शिखरावर असतो. नाव पुकारल्यावर बहुतेकांचा उतरतो. म्हणून 1.01 ते 1.04 वापरा, 1.06 ते 1.10 मधली एखादी मात्र तुमच्या पाळीचं घड्याळ चालू असताना विका: पुढच्या वर्षीची पहिली आणि वर एक दुसरी मागून बघा. तिसऱ्या-चौथ्या फेरीत वाट्टेल त्याच्या नावाचा मोह नको. पुका नाकुआ 177 वा गेला आणि रूकी वर्षात 1486 यार्ड केले, अमन-रा सेंट ब्राऊन 112 वा, हे सगळ्यांना पाठ असतं. त्यांच्या आजूबाजूला निवडलेले बाकीचे कोणाला आठवत नाहीत. त्या पिक तीन-तीन जोडून दुसऱ्या फेरीत चढा. जागाही वाचतात.

जागांचा हिशोब आत्ताच मांडा. 28 पैकी मे महिन्यात निदान सहा मोकळ्या लागतील, चार टॅक्सीत जातील. एकदा टॅक्सीतून वर काढलेला रूकी परत खाली जात नाही, तेव्हा एका रविवारची जागा भरायला कोणाला वर ओढू नका.

प्रेषक: संघ क्र. 11

दादांच्या म्हणण्यात एक भर. रनिंग बॅक सगळ्यात शेवटी विकत घ्या. दोन क्वार्टरबॅक आणि पंचविशीच्या आतले तीन रिसीव्हर झाले की, त्याआधी नाही. तुम्ही पुढच्या वर्षी 1.01 ला एखादा झळाळता रनिंग बॅक घेतलात आणि संघ तयार व्हायला तीन वर्षं लागली, तर त्याची उत्तम वर्षं तुमच्या हरण्यात जातील. तेव्हा त्या वर्षीच्या रूकींमध्ये पहिला रनिंग बॅकच असला तर 1.01 देऊन 1.03 आणि एक पहिली घ्या.

आणि तुमची पिक ज्यांच्याकडे आहे तो 6 नंबरचा संघ. त्यांचा पहिला रनिंग बॅक कालच्या सामन्यात घोट्याने गेलाय. आज मंगळवार आहे, ताई.