अनुभव धागा : हातोहात फिरलेलं एक व्यसनाचं आत्मकथन

जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललेलं एका दारुड्याचं आत्मकथन गेले कित्येक महिने आपल्यात फिरतंय. नाव लिहीत नाही, कारण चर्चा पुस्तकाच्या दर्जाची नाही. (तो तसा बेताचाच. मधली बरीच पानं सरळ कापता आली असती.) माझ्याकडे आलं तेव्हाच त्यात कुणाच्या तरी पेन्सिलच्या खुणा होत्या. खोटं बोलल्याच्या प्रसंगांखाली ठळक रेघा, पगार उडवल्याच्या पानावर समासात नुसतं "हो". आणि लेखक दवाखान्यात दाखल होतो तिथपासून पुढे एकही खूण नाही. त्या वाचकाने तिथेच पुस्तक मिटलं की पेन्सिल बाजूला ठेवून वाचलं, कळायला मार्ग नाही. कोरी प्रत घेतली असती तर हा दुसरा माणूस मला भेटलाच नसता. खरं सांगायचं तर मी लेखकापेक्षा त्याच्यासाठीच शेवटपर्यंत वाचत गेलो.

ज्यांनी ज्यांनी वाचलं त्यांनी लिहा. कुठे अडलात, पुढे कुणाला दिलंत, देऊन काही झालं का. व्यसन स्वतःचं असो की घरातल्याचं. नावं-गावं नकोत. आणि "इच्छाशक्ती हवी" हा सल्ला कृपया कुणी कुणाला देऊ नये.

*

माझ्या नवऱ्याची दारू सुटून आता बराच काळ झाला. पुस्तकात मी लेखकाच्या बायकोला शोधत होते. ती दार उघडते, रडते, माहेरी जाते, परत येते. बस. दिवसभर ती काय करत होती हे त्याला ठाऊकच नाही, मग पुस्तकात कुठून येणार?

मी सांगते काय करत होती. कान लावून बसली होती. किल्ली कुलपात पहिल्या झटक्यात गेली की दोनदा घसरली, यावरून रात्र कशी जाणार ते मला कळायचं. सगळ्यात वाईट दिवस ते, जेव्हा तो फार जपून, आवाज न करता चपला काढायचा. न प्यालेला माणूस चपला कशा काढायच्या याचा विचार करत नाही.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना सावरायच्या सभा, त्यांची सुरुवात १९३५ची. नवऱ्यांची सभा संपायची वाट बघत बसलेल्या बायका आपसात बोलायला लागल्या, आणि त्यातून घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन उभं राहायला १९५१ उजाडलं. मी त्या सभांना जाते. तिथे सुरुवातीलाच सांगतात: हे तुम्ही घडवलेलं नाही, तुम्हाला ते आवरता येणार नाही, आणि तुम्हाला ते बरंही करता येणार नाही. पहिली दोन मी लगेच मान्य केली. तिसऱ्यावर मात्र भांडले.

नवऱ्याला पुस्तक दिलं नाही. त्यानेही मागितलं नाही.

*

मी अर्ध्यात सोडलं. पहिल्या घोटाचं वर्णन लेखकाने इतक्या चवीने केलंय की मला तलफ आली. सिगारेट सोडतानाही असंच व्हायचं, सिनेमात कुणी पेटवली की हात खिशाकडे. ज्यांची नुकतीच सुटलीय त्यांनी सुरुवातीची प्रकरणं गाळून थेट मधून वाचावं. पुढच्या वाचकाला मी हेच सांगून पुस्तक दिलं.

*

मी स्वतः त्यातून गेलोय म्हणून दवाखान्याच्या प्रकरणाबद्दल बोलतो. लेखक "ते तीन दिवस नरकातले होते" असं म्हणतो आणि पुढच्या परिच्छेदात घरी. हे वाचून कुणी घरच्या घरी दारू बंद करायला जाईल, अशी भीती वाटते.

वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम थांबवली की सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतर, साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसांत, काहींना भ्रम होतो, ज्याला डॉक्टर डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नसतील तर त्यात माणूस दगावतो. मला चादरीवरची नक्षी चालताना दिसत होती. नुसती दिसत नव्हती, ती माझ्या मनगटापर्यंत आली की मी हात वर उचलत होतो आणि नर्स तो शांतपणे पुन्हा खाली ठेवत होती. मी तिला शिव्या दिल्या असं नंतर कळलं, मला त्यातलं काही आठवत नाही.

सलाइनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी त्यांनी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं होतं. मुरलेल्या दारुड्याच्या अंगात ते उरलेलंच नसतं, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. झटके टाळणाऱ्या गोळ्या चालू होत्या, त्या रोज थोड्या थोड्या कमी करत बंद केल्या. एवढं लिहायला लेखकाला अर्धं पान पुरलं असतं. पेन्सिलवाला तिथे का थांबला असेल, याचा मला थोडा अंदाज आहे. मला हवं ते तिथे नव्हतं, त्यालाही नसेल.

*

एक तिरकस शंका. ही आत्मकथनं खरी किती? अमेरिकेत २००३ साली आलेलं असंच एक गाजलेलं पुस्तक २००६मध्ये बऱ्याच अंशी रचलेलं निघालं. लेखकाने जवळजवळ तीन महिने तुरुंगात काढल्याचं लिहिलं होतं, प्रत्यक्षात होते काही तास. शेवटी प्रकाशकाने वाचकांना पैसे परत द्यायची तयारी दाखवली.

"भावना तर खरी होती ना" असं त्यावर म्हणतात. मला ते पटत नाही. घरची माणसं या पुस्तकांकडे मोजपट्टी म्हणून बघतात. आमच्याकडे काका म्हणायचे, "मी कुठे गटारात पडलोय?" गटार, तुरुंग, फुटपाथ यायची वाट बघत त्यांचं यकृत गेलं. कामावर ते शेवटपर्यंत वेळेवर जात होते.

*

निळ्या पेनच्या खुणा आमच्याकडच्या. म्हणजे बाबांच्या.

पुस्तक मी त्यांच्या टेबलावर मुद्दाम ठेवलं होतं. बोलायची हिंमत नव्हती, म्हटलं पुस्तक बोलेल. त्यांनी पूर्ण वाचलं. परत दिलं ते ऱ्हस्व-दीर्घ सुधारून! पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. दोन ठिकाणी विरामचिन्हं, एके ठिकाणी "वाक्यरचना सदोष". मजकुराबद्दल चकार शब्द नाही. आई इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा अजून पितात. हल्ली मी सरळ विचारतो, आज किती झाली, आणि ते सरळ आकडा सांगतात. तो आकडा बहुतेक खरा असतो. याचं श्रेय पुस्तकाला देता येईल असं वाटत नाही.

*

मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. लेखकाची बहीण त्याच्या जेवणात गुपचूप गोळ्या मिसळते तो प्रसंग विनोदी ढंगात आला आहे. तो वाचून मी अस्वस्थ झाले, कारण प्रत्यक्षात नातेवाईक हे करतात. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध घेतलेल्याने दारू प्यायली की दारूपासून शरीरात तयार होणारे अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी द्रव्य साचते. चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही हे होऊ शकते. हृदयरोग्याच्या ते जिवावर बेतते. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते.

हेरॉइन किंवा तत्सम अफूजन्य पदार्थ सोडलेल्यांच्या घरच्यांसाठी आणखी एक. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पुन्हा घसरलेला माणूस जुन्याच मात्रेत घेतो आणि त्यात श्वास थांबतो. केंद्रातून सुटल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वात धोक्याचे. घरात मात्र तेव्हा सगळे निर्धास्त झालेले असतात.

*

माझं दारूचं नाही, मोबाइलवरच्या पत्त्यांचं. पैसे लावून. याला वास नाही, झोक जात नाही, डोळे लाल झाले तर "काम जास्त होतं" म्हणता येतं. मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीत जुगार २०१३ सालीच दारू आणि अफूच्या प्रकरणात जाऊन बसला, पण घरी सांगायला गेलो तर "खेळणं बंद कर की" एवढंच उत्तर मिळालं.

पेन्सिलने जिथे जिथे रेघ आहे ती सगळी खोटी मीही बोललोय. बाटलीच्या जागी फोन घाला. स्क्रीनचा उजेड अगदी कमी करून, पांघरुणाच्या आत, हरलेली रक्कम दुसऱ्या अ‍ॅपवरून कर्ज काढून भरायची, आणि सकाळी बायकोला विचारायचं, "झोप लागली ना नीट?" त्या "हो"च्या खाली मी माझं "हो" लिहिलंय. तेही पेन्सिलनेच.

*

माझ्या भावाने हे पुस्तक दुसऱ्यांदा दाखल असताना वाचलं. म्हणाला, "हा सुटला म्हणून त्याचं पुस्तक निघालं. न सुटलेल्यांची पुस्तकं कोण छापतं?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. शेवटच्या प्रकरणातला तो सूर्योदय, ती पहाटेची धाव, सगळं त्याने वाचून दाखवलं, नाटकी आवाजात, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर तो काही महिने चांगला राहिला. मग नाही. गेल्या आठवड्यात पुन्हा दाखल झालाय, पण या वेळी फोन त्यानेच लावला आणि बॅगही त्यानेच भरली. भेटायला निघताना विचारलं, ते पुस्तक परत हवंय का, मागवून घेते. म्हणाला, "नको गं ताई. काहीतरी विनोदी आण."