टेक्सासहून वॉशिंग्टन राज्यात राहायला येताना रायफलचे काय करावे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त टेक्सासहून आमच्याकडे, वॉशिंग्टन राज्यातील रेडमंड येथे, कायमचा राहायला येत आहे. तो ग्रीन कार्डधारक आहे. त्याच्याकडे तेथे रीतसर विकत घेतलेली एआर-१५ पद्धतीची रायफल, तिची ३० काडतुसांची मॅगझिन्स आणि शिकारीची एक बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे. हे सारे घरसामानाबरोबर आणण्याचा त्याचा विचार आहे आणि तो कायद्यात बसतो का, हा माझा प्रश्न आहे.

तत्कालीन गव्हर्नर जे इन्स्ली यांनी २५ एप्रिल २०२३ रोजी सही केलेल्या कायद्याने अशा अर्धस्वयंचलित शस्त्रांची राज्यातील निर्मिती, विक्री, वितरण आणि आयात बंद केली. मात्र ज्यांच्याकडे ती आधीपासून होती त्यांना ती ठेवू दिली. बाळगण्यावर बंदी नाही, एवढ्याच गोष्टीवर भाऊ विसंबून आहे. कायदा वाचल्यावर मला मात्र वेगळे दिसते. राज्याच्या हद्दीबाहेरून शस्त्र आत आणणे हीच तेथे आयातीची व्याख्या आहे आणि येथून बाहेर नेलेले तेच शस्त्र परत आणणाऱ्याला तेवढे त्यातून वगळलेले आहे. रायफल सुटी करून दोन खोक्यांत आणावी, असे त्याला कोणीतरी सुचवले. पण ज्या भागांपासून असे शस्त्र जुळवता येते ते एकाच माणसाच्या ताब्यात असतील, तर त्यांनाही हीच व्याख्या लागू होते. १० पेक्षा जास्त काडतुसांची मॅगझिन्स आणण्यास तर १ जुलै २०२२ पासूनच मनाई आहे आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये ती कायम ठेवली आहे. बोल्ट हाताने ओढावा लागणारी रायफल कायद्यानेच वगळली असल्यामुळे तिच्याविषयी मला शंका नाही.

माझे अडते ते पुढे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बंदूक नेणाऱ्याला केंद्रीय कायदा संरक्षण देतो. अट अशी की, ती दोन्ही ठिकाणी बाळगणे कायदेशीर असले पाहिजे. येथे बाळगणे कायदेशीर, पण आणणे बेकायदा, अशा स्थितीत ते संरक्षण मिळते का? मला तो आधार फार कच्चा वाटतो.

या राज्यात हा गुन्हा ठरल्यास ३६४ दिवसांपर्यंत कैद आणि ५,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, पण मला खरी धास्ती ग्रीन कार्डाची आहे, कारण शस्त्रांविषयीच्या कित्येक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते. मला स्वतःला हा कायदा योग्य वाटतो. भावाला तो अन्यायाचा वाटतो. तरीही एका रायफलीपायी त्याचे येथील आयुष्य पणाला लागू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२०२३ नंतर शस्त्रासह येथे स्थलांतर करण्याचा प्रश्न कोणासमोर आला असल्यास त्यांनी काय केले, हे कृपया सांगावे. रायफल टेक्सासमधील परवानाधारक विक्रेत्याला विकून टाकणे बरे, की तेथील विश्वासू मित्राकडे ठेवणे कायद्याला धरून होईल? तसेच शस्त्रकायदा आणि इमिग्रेशन या दोन्ही बाजू जाणणारा सिएटल परिसरातील वकील कसा शोधावा, याविषयीही मार्गदर्शन करावे.