थरथरीवर आणखी एक गोळी कशाला?

कर्वेनगरवाली: मानसिक आजाराच्या औषधाने म्हाताऱ्या माणसाचे हात थरथरायला लागले की चिठ्ठीवर लगेच थरथर थांबवायची गोळी, ट्रायहेक्सीफेनिडिल, चढते. पासष्टीनंतर हे बंद व्हायला हवं. आधी मूळ गोळी कमी करता येते का ते बघा. सासरे ७३ वर्षांचे, रिस्पेरिडोन या मानसिक आजाराच्या गोळीवर. नवीन गोळीने कपबशीचा खडखडाट थांबला, पण लघवी तुंबली, पोट साफ होईना, आणि रात्री दोनला उठून ‘स्वारगेटची गाडी चुकेल’ म्हणत पिशवी भरायला लागले. प्रोस्टेट वाढलंय हे फाइलीत लिहिलेलं होतं.

पेठेतला: ‘कमी करा’ म्हणायला काय जातंय! माझ्या थोरल्या बहिणीची गोळी कमी केली. हात थांबले आणि महिन्याभरात ‘शेजारीण टाकीत विष कालवते’ म्हणून पाणी बंद, जेवण बंद. शेवटी ॲडमिट करावं लागलं. त्यापेक्षा ती जास्तीची गोळी परवडली.

कर्वेनगरवाली: धाडकन कमी करा असं कुठे म्हटलंय? हळूहळू करा, नाहीतर क्वेटियापिनसारखं कमी थरथर आणणारं औषध बघा, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते: डोस कमी करून, औषध बदलून भागलं नाही तरच ही गोळी, आणि तीही थोडे दिवस.

औषधवाला, दत्तवाडी: तुमचं दोघांचं रिस्पेरिडोन-हॅलोपेरिडॉलसारख्या गोळ्यांपुरतं ठीक आहे. लिथियम या मूडच्या आजारावरच्या औषधाची थरथर वेगळी. तिथे ट्रायहेक्सीचा उपयोग नाही. प्रोप्रॅनोलॉल देतात, पण दमा असेल तर तेही नाही. आमच्याकडे लिथियमवरचे आजोबा गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी मागायला येतात. त्याने रक्तातलं लिथियम वाढतं. थरथर एकदम वाढली, उलट्या झाल्या, झोक जायला लागला, तर गोळ्या कसल्या मागताय, त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि रक्तातली लिथियमची लेव्हल तपासा.

पेठेतला: मान्य. पण डोस कमी केल्यावरही थरथर जायला कधी आठवडे, कधी महिने लागतात, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं. बहिणीच्या हातून वरणाची वाटी अंगावर सांडली, तेव्हापासून ती चारचौघांत ताटावर बसत नाही. तिने तोवर उपाशी राहायचं का? द्या की थोडी, आणि तीन महिन्यांनी बघा काढता येते का.

कर्वेनगरवाली: बघतं कोण? आमच्या चिठ्ठीवर दर खेपेला नुसतं ‘कंटिन्यू ऑल’, म्हणजे सगळं चालू ठेवा, असतं.

औषधवाला, दत्तवाडी: म्हणून रागाने घरच्या घरी ट्रायहेक्सी एकदम तोडू मात्र नका. ती टप्प्याटप्प्यानेच उतरवतात.