निवृत्तीनंतर पुरुषांनी घरात आणि बाहेर नेमके काय घालावे?

कपाट_आवरताना

येत्या महिनाअखेरीस मी वयाच्या ५८व्या वर्षी राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त होत आहे. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, शिल्लक रजेचे रोखीकरण, गटविम्याची रक्कम या सगळ्यांची तजवीज झाली आहे. राहिला आहे तो एकच प्रश्न, आणि तो कार्यालयात कोणाला विचारण्याची सोय नाही, कारण विचारला तर निरोप समारंभाच्या भाषणात त्याचा हमखास उल्लेख होईल. एक तारखेला सकाळी आंघोळ झाल्यावर मी अंगात काय घालायचे?

परवा कपाट आवरताना सगळे मोजले. पूर्ण बाह्यांचे शर्ट १६, पँटी ११ (त्यांपैकी ७ टेरिकॉटच्या आणि बसायच्या जागी चकाकी आलेल्या), मेहुण्याच्या लग्नात आहेर म्हणून आलेल्या कापडाची एक सफारी, आणि शुक्रवारी खादी वापरावी असे डिसेंबर २०२०च्या परिपत्रकात आल्यावर घेतलेले खादीचे २ शर्ट. याउलट घरात घालण्यासाठी माझ्याकडे २ पायजमे आहेत, त्यातल्या एकाचा नेफा फाटलेला आहे. आजवर तेवढ्यावर रविवार निभावून जात असे. आता आठवड्यात सात रविवार येणार.

माझे वडील शिक्षक होते. ते शाळेत धोतर, सदरा आणि टोपी घालत आणि निवृत्तीनंतरही तेच घालत राहिले, त्यामुळे त्यांना हा प्रश्न पडला नसावा. मुलाने माझ्यासाठी दोन बर्म्युडा आणि दोन टी-शर्ट ऑनलाइन मागवले आहेत. एका टी-शर्टच्या छातीवर इंग्रजीत जे लिहिले आहे ते मी वाचले, मला त्याचा अर्थही कळला, परंतु ते माझ्याविषयी खरे नाही. जाणकारांनी कृपया स्वानुभव लिहावा.

खाकी_३१_वर्षे

मी एस.टी.त चालक होतो आणि ३१ वर्षे खाकी घातली. निवृत्त झालो त्या दिवशी माझ्याकडे स्वतःच्या पसंतीचे म्हणावेत असे कपड्यांचे दोनच जोड होते, एक लग्नकार्याचा आणि एक पंढरपूरला जाण्याचा. पहिला महिनाभर मी खाकी पँटीवर पांढरा शर्ट घालून हिंडलो. फाट्यावर चहाला उभा राहिलो की अनोळखी माणसे जवळ येऊन गाडी कधी येणार म्हणून विचारीत, आणि खरे सांगायचे तर मीही त्यांना वेळ सांगत असे, कारण ती पाठ होती.

शेवटी मांजरपाटाचे कापड घेऊन तीन लेंगे आणि तीन सदरे शिवून घेतले. त्या वेळी जी चूक झाली ती आपण करू नये म्हणून सविस्तर लिहितो. पँटीला चार खिसे असतात आणि आपल्याला त्यांची इतकी सवय झालेली असते की खिसा म्हणजे काय हे तो नाहीसा झाल्यावरच समजते. लेंग्याला शिंपी आपणहून खिसा लावत नाही. चष्मा, मोबाइल, किल्ली आणि रक्तदाबाची गोळी एवढे सगळे सदऱ्यावर येऊन पडते. उकाड्यामुळे सदरा काढून बनियनवर बसलो की हा सगळा संसार ओट्यावर मांडावा लागतो आणि उठताना त्यातले काहीतरी हमखास मागे राहते. माझी गोळ्यांची पट्टी दोनदा देवळात राहिली. म्हणून आता मी प्रत्येक लेंग्याला उजव्या बाजूला एक खोल खिसा आणि सदऱ्याला दोन बगलखिसे व आतून एक चोरखिसा लावून घेतो. शिंपी कुरकुर करतो आणि शिलाई थोडी जास्त लावतो, पण ती द्यावी.

दोरीवरचे_कपडे

पांढरे लेंगे आणि पांढरे सदरे सुचवणाऱ्यांनी ते स्वतः धुऊन नीळ देतात का, हे आधी लिहावे.

माझे यजमान चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले, म्हणून दुसरी बाजू मांडते. तीस वर्षे सकाळी दहा ते संध्याकाळी सहा हे घर माझे होते. माझ्या मैत्रिणी येत, भिशी होई, शेजारच्या वहिनी वाटी घेऊन सरळ स्वयंपाकघरापर्यंत येत. निवृत्तीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात यजमान दिवसभर पंचा गुंडाळून आणि वर बनियन घालून बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसू लागले आणि महिन्याभरात ही वर्दळ आपोआप थांबली. कोणी बोलून दाखवले नाही. वहिनी दारातूनच वाटी देऊन परत जाऊ लागल्या, तेव्हा माझ्या लक्षात आले. आमच्याकडे आता एवढाच नियम आहे की सकाळी नऊनंतर ज्या कपड्यांत दार उघडता येईल तेच कपडे अंगावर असावेत. ते कोणते असावेत याबाबत माझा आग्रह नाही.

सुती कपडे जरूर घ्यावेत, परंतु फिकट निळे किंवा राखाडी घ्यावेत, आणि झटकून दोरीवर वाळत घातल्यावर ज्यांना इस्त्री लागत नाही असे बघावेत.

चौथा_काउंटर

वरील प्रतिसादांचा आदर राखून मतभेद नोंदवतो. बँकेतून निवृत्त होऊन मला आठ वर्षे झाली आणि मी आजही घराबाहेर पडताना इस्त्रीचा शर्ट पँटीत खोचून, पट्टा लावूनच पडतो. फक्त बुटांच्या जागी सँडल आले. याचे कारण हौस नाही. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी येणाऱ्या निवृत्तिवेतनधारकांची रांग मी वर्षानुवर्षे काउंटरच्या आतून पाहिली आहे. चुरगळलेल्या पायजम्यातल्या गृहस्थांना ‘आजोबा, जरा तिकडे बाकावर बसा’ असे सांगितले जाई आणि त्याच वयाच्या, पण इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांना ‘सर, एक मिनिट’. हे योग्य नव्हते, परंतु मीही तसेच वागलो आहे, आणि आता रांगेच्या बाहेरच्या बाजूला उभा असताना ते विसरता येत नाही.

घरात कोणी काय घालावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. बाहेरचे १६ शर्ट मात्र वाटून टाकू नयेत.

टाचणी_आणि_टेप

माझे शिवणकामाचे दुकान आहे. निवृत्त झालेली गिऱ्हाइके रोज येतात, म्हणून थोडे कामाचे लिहितो.

टेरिकॉटच्या पँटी टाकू नका. शिवून घेतलेल्या पँटीत पाठीमागच्या शिवणीत कापड दाबलेले असते. ते उसवले की कंबर इंच-दीड इंच सहज सैल होते. तयार पँटीत हे दाबलेले कापड कमी मिळते. निवृत्तीनंतर बसणे वाढते आणि पट्ट्याचे भोक सरकत जाते, तेव्हा हे काम आधीच करून घेतलेले बरे. चकाकी आलेला भाग मात्र कशानेही पूर्ववत होत नाही, तशा पँटी घराजवळच्या कामापुरत्या ठेवाव्यात. शिवाय टेरिकॉट घाम शोषत नाही, त्यामुळे वैशाखात दुपारी ती घरात घालून बसणे ही शिक्षाच आहे.

मांजरपाट किंवा कोणतेही सुती कापड आणल्यावर ते रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच शिवायला द्यावे. तसे न करता शिवलेला लेंगा पहिल्या धुण्यात आटतो आणि घोट्यावर चढतो. आटेल या हिशेबाने मुद्दाम लांब शिवून घेणे त्याहून वाईट, कारण तो पुरेसा आटला नाही तर जिना उतरताना टाचेखाली येतो. लेंगा घोट्याच्या हाडापाशी संपला पाहिजे. या वयात पडणे परवडत नाही.

शेवटचा मुद्दा नाडीचा. नुसते इलॅस्टिक वर्षभरात ढिले पडते आणि नुसती नाडी असेल तर धुताना तिचे एक टोक नेफ्यात शिरते, मग टूथब्रशच्या दांड्याला बांधून ती पुन्हा ओवत बसावे लागते. म्हणून नेफ्यात इलॅस्टिक घालून शिवाय नाडी ठेवावी आणि नाडीला मधोमध मागच्या बाजूला एक टाका मारून घ्यावा, म्हणजे ती निसटत नाही. गाठ नेहमी सुरगाठच मारावी. बोटे आखडू लागली की घाईच्या वेळी निरगाठ सुटत नाही, आणि त्या वेळी घाई कशाची असते हे येथे लिहिण्याची गरज नाही.

खाकी_३१_वर्षे

टाचणी यांचे नाडीचे म्हणणे शंभर टक्के खरे. दोरीवरचे कपडे यांच्यासाठी नमूद करतो की माझे कपडे मी स्वतः धुतो. नीळ जास्त पडल्यामुळे एक सदरा सध्या आभाळी रंगाचा झाला आहे, म्हणजे आपली सूचना माझ्याकडून अजाणता अमलात आलेलीच आहे.

कपाट_आवरताना

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सात टेरिकॉट पँटींपैकी चार आज शिंप्याकडे दिल्या. पाठीमागची शिवण उसवून दाखवल्यावर आत खरोखरच दीड इंच कापड निघाले, आणि त्याचा रंग पँट नवीन होती तेव्हाचा होता. राखाडी सुती कापड बादलीत भिजत घातले आहे. दोन लेंगे, नाडी आणि इलॅस्टिक दोन्ही, उजवीकडे खिसा. सकाळी नऊचा नियम घरात वाचून दाखवला आणि तो एकमताने, म्हणजे माझे मत न विचारता, मंजूर झाला.

टी-शर्ट मुलाला परत दिले. बर्म्युडा परत करण्याची मुदत संपली असल्याचे तो सांगतो, त्यामुळे त्या राहिल्या आहेत. काल रात्री एक घालून पाहिली. तिचे खिसे मात्र चांगले खोल आहेत. चष्म्याचे घर पूर्ण आत जाते.