मांजराला शी होत नाही म्हणून घरच्या घरी उपाय करावेत का?

मनीची_आई (पुणे)

गेल्या आठवड्यात तीन जणांनी मला एकच प्रश्न विचारला, मांजराने दोन दिवस शी केली नाहीये, एरंडेल देऊ का, तूप देऊ का, कोमट दूध देऊ का. म्हणून हा धागा काढतेय. माझं मत आधीच सांगून टाकते. घरगुती उपायांना माझा सरसकट विरोध नाही, पण नक्की काय अडकलंय हे बघितल्याशिवाय मांजराच्या तोंडात काहीही घालायला माझा ठाम विरोध आहे.

कारण माझ्या हातून ती चूक झालीये. आमचा बोका बंड्या, चार वर्षांचा, मागच्या एप्रिलमध्ये सारखा लिटर ट्रेमध्ये (शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या ट्रेमध्ये) जाऊन बसायला लागला, पाठ वाकवून जोर लावायचा, काहीच व्हायचं नाही, बाहेर यायचा, दहा मिनिटांनी परत आत. मला वाटलं उन्हाळा आहे, पोट साफ होत नसेल. लाल भोपळा उकडून दिला, त्याने तोंड नाही लावलं. संध्याकाळी सासूबाईंच्या सांगण्यावरून चमचाभर एरंडेल पाजलं. रात्री उलटी केली आणि कपाटाखाली जाऊन बसला. सकाळी डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि लगेच म्हणाले शी नाही, शू अडकलीये, मूत्राशय दगडासारखं झालंय. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन. बोक्यांची मूत्रनलिका खूप अरुंद असते, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकला की शू पूर्ण बंद होते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. बाहेरून दिसतं मात्र अगदी बद्धकोष्ठासारखंच. मी त्यातला अख्खा एक दिवस भोपळा आणि एरंडेलात घालवला, ते अजून मनातून जात नाही.

जतकर

ताई तुमच्या बोक्याचं वाईट वाटलं, पण तुमचं मत शहरातलं आहे हे पण सांगायला पाहिजे. आमच्याकडं जत तालुक्यात गुरांचा दवाखाना आहे, तिथले डॉक्टर म्हशीचं, शेळीचं बघतात, मांजर घेऊन गेलो तर आधी लोक हसतात. मांजराचं नीट बघणारा पाहिजे तर सांगली-मिरज गाठायचं, एसटीनं दोन-अडीच तास, त्यात मांजर पिशवीत ओरडतंय, आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. मग माणूस घरातलंच करणार ना. माझी आई तीस वर्षं मांजरं सांभाळते, दूध-भाकरीवर, पोट धरलं की तूप घालून दूध द्यायची, व्हायचं साफ. आता पण आमच्या बोक्यानं दोन दिवस शी केल्याली दिसली नाही, आणि मी तूप-दूध देणार आहे, स्पष्ट सांगतो.

भोपळावाली (ठाणे)

जतकर यांच्याशी सहमत. माझी पर्शियन आहे, अकरा वर्षांची, लांब केस, चाटून चाटून केस पोटात जातात आणि शी घट्ट होते. चार वर्षं झाली मी रोज एक चमचा उकडलेला लाल भोपळा, मीठ-मसाला काही न घालता, तिच्या वेट फूडमध्ये (मांजरांचं तयार ओलं खाणं) मिसळते आणि तिला एकदाही त्रास झालेला नाही. उठसूट डॉक्टर डॉक्टर करणाऱ्यांमुळे लोक इतके घाबरलेत की साधा भोपळा द्यायला पण विचारतात.

मनीची_आई (पुणे)

@भोपळावाली, तुमच्या भोपळ्याला मी कुठे नाही म्हटलं? जेवणारी, खेळणारी, रोज शू करणारी मांजर असेल तर चमचाभर भोपळा छानच. तुम्ही वेट फूडमध्ये घालताय हे महत्त्वाचं आहे, निम्मं काम तर ते वेट फूडच करतंय. ड्राय फूडमध्ये पाणी साधारण 10 टक्के, वेट फूडमध्ये 75-80 टक्के. मांजर हा मूळचा वाळवंटातला प्राणी, तहान कमी, उंदरा-पाखरातूनच पाणी मिळवायची सवय. नुसत्या ड्राय फूडवर ठेवलं की ती वाटीतलं पाणी पिऊन ती कसर भरून काढत नाही, मग आतडं शीमधलं पाणी ओढून घेतं आणि खडा होतो.

@जतकर दादा, दुधाचं सांगते. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून जुलाब होतात आणि आपल्याला वाटतं पोट साफ झालं. जुलाबात उलट अंगातलं पाणी जातं आणि मागे अडकलेला खडा तिथेच राहतो. कधीकधी त्या खड्याच्या कडेने पातळ शी गळते, लोक म्हणतात झाली, आणि आत सगळं गच्च भरलेलं असतं. तूप तर पचून जातं, शेवटपर्यंत पोचून वंगणाचं काम करतच नाही.

जतकर

मग आईची मांजरं जगली कशी?

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

जतकर, तुमच्या आईची मांजरं जगली कारण ती दिवसभर फिरायची, उंदीर खायची. उंदरात 70 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. घरात कोंडलेल्या, जाड झालेल्या, कोरडं खाणाऱ्या मांजराला तो नियम लागत नाही. मी पस्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढली, मांजराला हसणारे लोक मी पण पाहिलेत, ते चुकीचं आहे. पण एक सांगतो, गावातल्या दवाखान्यातला डॉक्टर म्हशीचं बघत असला तरी मांजराचं मूत्राशय फुगलंय का हे हाताने तपासू शकतो. तेवढ्यासाठी तरी न्या. लाजू नका.

आणि इसबगोल सुचवणारे येतीलच, त्यांच्यासाठी आधीच लिहितो. इसबगोल पाणी शोषून फुगतं. मांजर आधीच सुकलेलं असेल तर आतला गोळा आणखी मोठा आणि घट्ट होतो. भरपूर पाणी पिणाऱ्या मांजराला पाव चमचा ओल्या जेवणात ठीक, पण चार दिवस अडकलेल्याला देऊ नका. म्हाताऱ्या मांजरात किडनी कमजोर झालेली असते, अंगातलं पाणी शूतून निघून जातं, म्हणून शी कडक होते, तिथे किडनीचं बघितल्याशिवाय नुसता चोथा वाढवून काय उपयोग.

वॉर्ड_सिस्टर (नागपूर)

मी माणसांच्या हॉस्पिटलात नर्स आहे आणि ह्या धाग्यावर कोणीच हे लिहिलं नाही म्हणून लिहिते. मेडिकलमध्ये मिळणारा तयार फॉस्फेटचा एनिमा मांजराला चुकूनही देऊ नका. मी स्वतः तो हातात घेऊन उभी होते, म्हटलं लहान मुलांचा आहे, अर्धा देऊ, सुदैवाने आधी डॉक्टरांना फोन केला. ते फोनवर ओरडलेच. मांजराच्या शरीरात तो फॉस्फेट झपाट्याने शोषला जातो, कॅल्शियम कोसळतं, झटके येतात, मांजर मरतं. तेलाचंही तसंच, जबरदस्तीने पाजताना, विशेषतः लिक्विड पॅराफिन (पोट साफ करायचं खनिज तेल), त्याला चव नसते म्हणून मांजराला गिळायचं कळत नाही, ते श्वासनलिकेत जातं आणि तेलाचा न्यूमोनिया होतो.

भोपळावाली (ठाणे)

पण मग काहीच करायचं नाही का घरी? प्रत्येक वेळी एक्सरे, ब्लड टेस्ट, सलाईन, हजारोंत बिल जातं, सगळ्यांना परवडतं का? मुंबईतल्यांना निदान परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, बाकीच्यांनी काय करायचं? तुम्ही लोक भीती घालता आणि मग लोक मांजर पाळायलाच नको म्हणतात, किंवा सोडून देतात. मला ह्याचाच जास्त राग आहे.

मनीची_आई (पुणे)

तुमचा राग मला पटतो, खरंच. पैशाचा प्रश्न खोटा नाही. म्हणूनच म्हणते जे फुकट आहे ते आधी करा, ट्रे बघा. शूचे ओले गोळे रोजच्यासारखे दिसतायत का. दिसत असतील, मांजर खात असेल, उलटी नसेल, तर दीड-दोन दिवस घरी थांबून बघता येतं. पाणी वाढवा, चिकन उकडलेलं पाणी द्या (कांदा-लसूण-मीठ अजिबात नको, कांदा-लसूण मांजराला विषारी आहे, बाजारच्या सूप क्यूबमध्ये तो असतो), ट्रे साफ ठेवा कारण घाण ट्रे असेल तर काही मांजरं शी दाबून ठेवतात. आणि शूच दिसत नसेल तर रात्र असो की दिवस, निघायचं. बोका असेल तर पाच मिनिटंही घालवायची नाहीत.

@जतकर दादा, तुमचा बोका शू करतोय का, बघितलंत?

जतकर

तो अंगणात, परड्यात जातो, मला काय कळणार.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

खोलीत कोंडा आणि वाळूचं घमेलं ठेवा. रात्रीत कळेल. आणि त्याला खायला काय देता ते सांगा.

जतकर

भाकरी-दूध, आणि रविवारी कोंबडं केलं होतं, त्याची हाडं टाकली होती, बरीच खाल्ली.

निवृत्त_पशुधन_पर्यवेक्षक

झालं मग, हाडंच असणार. शिजवलेली हाडं पोटात जाऊन पांढऱ्या खडूसारखी घट्ट शी होते. ती तुकडे होऊन टोचतात पण. तूप-दुधाने ती विरघळणार नाहीत. पोट कडक लागतंय का, उलटी केली का, बघा.

जतकर

घमेलं ठेवलंय न्हाणीघरात. दार लावलंय, आत ओरडतोय. आई मला शिव्या देतेय.

भोपळावाली (ठाणे)

दादा, पाणी ठेवलंय ना आत? पसरट भांड्यात ठेवा, अरुंद पेल्यात मांजरं पीत नाहीत. आणि मी अजून माझ्या मतावर आहे, भोपळा वाईट नाही. पण हाडं अडकली असतील तर भोपळा देऊ नका, ते मी पण मानते.

जतकर

सकाळचे सहा वाजलेत. वाळू दोन ठिकाणी ओली आहे, म्हणजे शू चालू आहे. शी नाही. पाणी प्यायला, चिकनचं पाणी पण प्यायला, कांदा-लसूण न घालता केलं होतं. पोटाला हात लावला तर मागच्या बाजूला लांब कडक काहीतरी लागतंय आणि तो चावायला येतो. तूप-दूध नाही दिलं. आईचं म्हणणं आहे की एवढ्याशा गोष्टीला डॉक्टर कशाला, आणि मला पण अजून वाटतं की गावात कोणी शिकवणारा असता तर अर्ध्या गोष्टी घरीच झाल्या असत्या, पण आता तीन दिवस होत आलेत. सव्वाआठची मिरज गाडी आहे. त्याला पोत्यात घालू की टोपलीत, उन्हात गुदमरणार नाही असं काय करावं?

वॉर्ड_सिस्टर (नागपूर)

पोतं अजिबात नको. भाजीची प्लास्टिकची जाळीदार टोपली घ्या, एकावर दुसरी उलटी ठेवून सुतळीने बांधा, वरून ओलं फडकं अर्धंच टाका म्हणजे हवा येत राहील. खिडकीच्या उन्हात बसू नका. डॉक्टरांना हाडांचं पहिल्यांदा सांगा.